दिव्याखालची शिकार



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा ‘रात्रीच्या शिकारीत दिवा वापरण्याविषयीचे कायदे’ असे मी कळवले. त्यावर त्यांचा निरोप आला की, विषय थोडा मोठा घेता येईल काय? त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. वसंत व्याख्यानमालेत माणसे लोकशाही, संतवाङ्मय, गेला बाजार अर्थसंकल्प तरी ऐकायला येतात. बत्ती आणि हरीण एवढ्या सामग्रीवर तासभर कोण बसणार? मी उत्तर पाठवले की, विषय दिसतो तितका लहान नाही. आता ते सिद्ध करण्याची जबाबदारी अर्थातच माझ्यावर आली आहे.

आपल्यापैकी जे कोकणातून आले असतील त्यांना ह्या शिकारीचा एक निरुपद्रवी प्रकार लहानपणापासून ठाऊक असेल. मृगाचा पहिला दणदणीत पाऊस झाला की रात्री घराघरांतून माणसे चुडी पेटवून किंवा गॅसबत्ती घेऊन वहाळाकडे निघतात. चढणीचे मासे पाण्याविरुद्ध उड्या घेत असतात, आणि बांधावरचा खेकडा बत्तीच्या उजेडात जागच्या जागी खिळून बसतो. त्याला मागून हात घालून उचलायचे एवढेच काम. मी सात-आठ वर्षांचा असताना माझ्याकडे बत्ती धरण्याचे काम असे. खेकडा पळत का नाही, असे मी काकांना विचारले. ते म्हणाले, ‘‘त्याला वाटतं, दिवस उजाडला.’’ शास्त्रीय दृष्ट्या हे उत्तर कितपत बरोबर होते हे सोडा; पण इतक्या थोडक्या शब्दांत इतके समाधान करणारे उत्तर मला पुढे कोणत्या पुस्तकात मिळाले नाही.

दुसरा प्रकार मी १९६९ च्या उन्हाळ्यात पाहिला, आणि तो निरुपद्रवी नव्हता. वडिलांच्या ओळखीचे एक गृहस्थ होते. त्यांच्याजवळ जीप होती, बंदूक होती आणि जीपच्या बॅटरीला जोडलेला एक मोठा दिवा होता. रात्री जेवणानंतर आम्ही निघालो. परवाना होता की नव्हता हे विचारण्याचे माझे वय नव्हते. रानातल्या गाडीवाटेने जीप हळूहळू चालली होती आणि मागे उभा राहिलेला एक माणूस दिव्याचा झोत दोन्ही बाजूंनी फिरवीत होता. एकाएकी झोत थांबला. शंभरेक पावलांवर, झुडपांच्या मागे, दोन हिरवट निखारे दिसू लागले. बंदूक वर गेली, बार झाला, निखारे विझले. सगळे धावले. पाहतो तो गोऱ्हा! कोणा धनगराचा की कुणब्याचा, वाट चुकून रानात राहिलेला. परत येताना जीपमध्ये कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनी गोऱ्ह्याच्या मालकाचा शोध केला की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. बहुधा केला नसावा.

त्या रात्री घडले ते नेमके काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. कारण कायद्याचे सारे घोडे तेथेच पेंड खाते. हरीण, गाय, बिबळ्या, कोल्हा ह्यांच्या डोळ्यात दृष्टिपटलाच्या मागे आरशासारखा चकाकणारा एक थर असतो. डोळ्यात शिरलेला प्रकाश दृष्टिपटलातून एकदा जातो, ह्या थरावर आपटतो आणि परत फिरून पुन्हा एकदा दृष्टिपटलातून जातो. म्हणजे एकाच पैशाचा दोनदा व्यवहार होतो. चांदण्यांच्या उजेडातही ही जनावरे चरतात, पळतात, ती ह्या काटकसरीच्या जोरावर. पण अंधारात बाहुली पूर्ण उघडलेली असताना तिच्यावर एकदम झोत पडला, तर हीच सोय घात करते. जनावर दिपून जाते. झोताच्या मागे काय आहे हे त्याला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीपासून कोणत्या दिशेने पळावे हे कळत नाही. ते उभे राहते. शिकाऱ्याला मात्र परतलेला प्रकाश दोन निखाऱ्यांच्या रूपाने लांबवरून दिसतो.

आता यातली मेख पाहा. तो थर हरणाच्या डोळ्यात आहे तसाच गाईच्याही डोळ्यात आहे, आणि माणसाच्या डोळ्यात नाही. म्हणजे गोठ्यातले जनावर रानातल्या जनावरासारखे चमकते, आणि त्याच्या मागे पायवाटेने येणारा माणूस अजिबात चमकत नाही. रात्रीच्या शिकारीविरुद्ध जितके कायदे झाले त्यांत एक कारण हे, की गोळी कोठे जाते ते कळत नाही. दुसरे कारण, दिपलेल्या जनावराला मारण्यात सामना असा नसतोच. ही दोन कारणे वेगवेगळी आहेत, हे कृपा करून ध्यानात ठेवा. पहिले माणसाच्या जिवाचे आहे, दुसरे माणसाच्या अब्रूचे.

अब्रूचे कारण अमेरिकेत आधी पुढे आले. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला ॲडिरोंडॅक नावाचा डोंगरांचा आणि तळ्यांचा मुलूख आहे. एकोणिसाव्या शतकात शहरांतले पैसेवाले लोक उन्हाळ्यात तेथे हवा खायला आणि शिकारीला जात. उन्हाळ्याच्या रात्री हरणे कमळवेली खायला तळ्याच्या काठी उतरत. स्थानिक वाटाड्या होडीच्या मागच्या टोकाला बसून आवाज न करता वल्हे मारी. पुढच्या टोकाला एक कंदील, आणि कंदिलाच्या मागे बंदूक घेतलेले साहेब. हरीण मान वर करून दिव्याकडे पाहत राही आणि होडी त्याच्या वीस-पंचवीस पावलांपर्यंत जाई. ज्याला दिवसा हत्ती चुकेल त्यानेही मारावे इतके हे सोपे. मारल्या जाणाऱ्यांत पाडसे असलेल्या माद्याही असत. दुसरी एक रीत होती, कुत्रे सोडून हरीण तळ्यात घालायचे आणि पोहत असताना होडीतून मारायचे. ह्या दोन्ही रीतींविरुद्ध ओरड केली ती मुख्यतः शिकाऱ्यांनीच. थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांच्या मित्रमंडळाचे म्हणणे होते की, जनावराला निसटण्याची संधी असेल तरच ती शिकार. १८९७ साली न्यूयॉर्क राज्याने दोन्ही रीती आधी पाच वर्षांपुरत्या आणि पुढे कायमच्या बंद केल्या. हळूहळू इतर राज्यांनीही तसेच केले.

ह्याच सुमारास एका माणसाने ह्या दिव्याचे काय केले ते सांगण्याचा मोह मला आवरत नाही. जॉर्ज शिरास हे पेन्सिल्व्हेनियातले वकील. त्यांचे वडील अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते. मुलगा सुट्टीत मिशिगनच्या रानात व्हाइटफिश नावाच्या तळ्याकाठी शिकारीला जाई. १८८९ च्या आसपास त्यांनी बंदूक ठेवून दिली आणि कॅमेरा उचलला. रीत तीच ठेवली: तीच होडी, तोच कंदील, तेच दोन निखारे. फक्त अखेरीस घोड्याऐवजी कळ ओढायची आणि मॅग्नेशियमच्या पुडीचा भडका उडवायचा. काळ्या पाण्यावर स्वतःचेच प्रतिबिंब पायांखाली घेऊन उभी असलेली ती हरणे आजही पाहण्यासारखी आहेत. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्या चित्रांना सुवर्णपदक मिळाले. १९०६ च्या जुलै महिन्यात ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने त्यांची चौऱ्याहत्तर छायाचित्रे एकाच अंकात छापली, तेव्हा मासिकाचे चित्रांचे पुस्तक होऊ लागले म्हणून मंडळातल्या दोघा सदस्यांनी राजीनामे दिले! जनावराचा पाय दोरीला लागताच आपोआप चित्र निघावे, अशी योजनाही शिरास यांनी केली होती. आज ताडोबा-मेळघाटात वाघांची मोजदाद करण्यासाठी झाडांना जे कॅमेरे बांधतात, त्यांचे मूळ तेथे सापडते.

पण शिरास यांना दिव्याची ही रीत कोणी शिकवली? ती ओजिब्वे लोकांची. हे लोक मिशिगन, विस्कॉन्सिन आणि मिनेसोटाच्या तळ्यांकाठचे मूळ रहिवासी. ते भूर्जाच्या सालीच्या होडीत पुढे निखाऱ्यांचे पात्र ठेवीत आणि रात्री हरीण मारीत, मासे भाल्याने टिपीत. विस्कॉन्सिनमधल्या त्यांच्या एका वस्तीला फ्रेंच व्यापाऱ्यांनी ‘लाक द्यू फ्लांबो’ म्हणजे ‘मशालींचे तळे’ असे नावच देऊन टाकले. रात्री त्या तळ्यावर मशाली हिंडताना दिसत म्हणून. त्यांच्या भाषेतल्या नावाचाही अर्थ जवळजवळ हाच आहे. आपल्याकडे गावाला नाव पडते ते देवावरून किंवा झाडावरून. येथे ते उजेडावरून पडले.

ह्या लोकांनी १८३७ आणि १८४२ च्या तहांनी अमेरिकेच्या सरकारला मैलच्या मैल जमीन दिली. मात्र दिलेल्या जमिनीवर शिकार करण्याचा, मासे धरण्याचा आणि रानमेवा गोळा करण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवला होता. पुढे राज्य झाले, राज्याचे शिकारीचे कायदे झाले, आणि वनरक्षक ह्याच लोकांना त्यांच्याच पूर्वजांच्या रीतीबद्दल पकडू लागले. शहरी शिकाऱ्याच्या दृष्टीने जी गोष्ट अब्रूला कमीपणा आणणारी, ती ह्यांच्या दृष्टीने हिवाळ्याची बेगमी होती. हरणाला संधी द्यावी हा विचार थोर खरा. पण तो करायला घरी कोठार भरलेले असावे लागते. मी रूझवेल्ट साहेबांची चेष्टा करीत नाही. त्यांनी आणि त्यांच्या मंडळींनी ओरड केली नसती तर कदाचित त्या रानात हरीणच उरले नसते. एवढेच म्हणतो की, कायदा लिहिताना टेबलाच्या एकाच बाजूला माणसे बसली होती.

१९७४ साली ओजिब्वे जमातीतल्या दोघा भावांनी आपल्या राखीव मुलखाबाहेरच्या तळ्यावर, बर्फाला भोक पाडून भाल्याने मासे मारले आणि ते पकडले गेले. खटला चालला, आणि १९८३ साली संघराज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला की तहातले हक्क जिवंत आहेत. मग दर वसंतात ही माणसे दिवे घेऊन रात्री तळ्यांवर उतरू लागली, आणि किनाऱ्यावर त्यांच्याविरुद्ध जमाव जमू लागले. १९८० ते १९९० च्या दशकाच्या शेवटी शेवटी तर दगडफेक, शिव्यागाळी, वर्णावरून हिणवणे, असे सगळे प्रकार झाले. प्रत्येक तळ्यात किती मासे घ्यायचे ह्याचा आकडा ठरलेला होता. धक्क्यावर कारकून बसून एकेक मासा मोजून घेत होता. तरीही आरोप हाच, की दिवा लावून हे लोक तळी ओस पाडतील. ज्यांनी गळ टाकून आयुष्यभर मासे धरले त्यांना हिशोब दिसत नव्हता, दिवा तेवढा दिसत होता.

माशांचे झाले, पण हरणांचे राहिले. १९९१ च्या अखेरच्या निवाड्यात न्यायाधीश बार्बरा क्रॅब यांनी रात्री दिव्यावर हरीण मारण्याची बंदी जमातींवरही कायम ठेवली. कारण अब्रूचे नव्हे, जिवाचे: रात्री गोळी माणसाला लागेल. मघाशी दोन कारणे वेगळी ठेवा असे म्हणालो ते ह्यासाठी. हक्क तहाने मिळालेला असला तरी लोकांच्या सुरक्षिततेसाठी राज्य त्याला मर्यादा घालू शकते, पण हरणाला संधी मिळावी म्हणून घालू शकत नाही. वीस वर्षे असेच चालले. मग २०१२ साली विस्कॉन्सिन राज्याने लांडग्यांची शिकार सुरू केली आणि लांडगा रात्री मारण्यास परवानगी दिली. ओजिब्वे लोक लांडग्याला भाऊ मानतात. त्यांनी विचारले की, आमचा भाऊ रात्री मारताना गोळी कोणाला लागत नाही, आणि हरीण मारतानाच कशी लागते? शिवाय हरणांत रोग पसरला तेव्हा राज्याने स्वतःच आपल्या माणसांकडून रात्री हरणे मारवली होती.

क्रॅबबाईंनी आधी हे म्हणणे फेटाळले. पण २०१४ च्या ऑक्टोबरात वरिष्ठ न्यायालयात न्यायाधीश रिचर्ड पोझ्नर यांनी तो निर्णय फिरवला. भीती पुरेशी नाही, पुरावा दाखवा, असा त्या निकालाचा रोख होता. जमातींनी आपल्या शिकाऱ्यांसाठी स्वतःच कडक नियम केले होते: वेगळे शिक्षण, नेमबाजीची परीक्षा, कोणत्या जागेवरून कोणत्या दिशेला गोळी सोडणार ह्याचा आधी मंजूर करून घेतलेला आराखडा. पुढल्या वर्षी, २०१५ मध्ये, त्याच क्रॅबबाईंनी बंदी उठवणारा हुकूम काढला. स्वतःचा चोवीस वर्षांपूर्वीचा निवाडा स्वतःच्याच हाताने बदलण्याची पाळी न्यायाधीशावर क्वचित येते.

हे झाले हक्काचे. एरवी तिकडच्या राज्यांत हा कायदा रोज चालवणे किती कठीण आहे, त्याच्याही गमतीच्या कथा आहेत. मिट्ट अंधारात, निर्जन रस्त्यावर, गोळी सुटण्याच्या क्षणी तेथे हजर असणारा वनरक्षक कोठून आणणार? म्हणून कित्येक राज्यांनी गुन्ह्याची व्याख्याच अलीकडे ओढली: गाडीत बंदूक आहे आणि शेतावर झोत टाकला, तर तेवढ्यानेच गुन्हा झाला. तिकडे नुसती हरणे पाहायला बायकामुलांसह गाडीतून दिवा घेऊन हिंडणारे लोकही पुष्कळ असतात. त्यांची सोय म्हणून मिशिगनने अमुक वाजेपर्यंत पाहा, मग घरी जा, आणि शिकारीच्या ऐन महिन्यात मुळीच पाहू नका, असा नियम केला. वनरक्षकांनी आणखी एक युक्ती काढली. रस्त्याकडेला पेंढा भरलेले हरीण उभे करायचे, डोळ्यांच्या जागी चकाकणाऱ्या चकत्या बसवायच्या आणि झाडीत दबा धरून बसायचे. दिव्याला भुलवायला डोळ्यांचेच सोंग! काही सोंगांची मान तर दुरून हलवता येते. मी ऐकले तेव्हा मला मारीच राक्षसाची आठवण झाली. फरक एवढाच की येथे तो सरकारी नोकरीत आहे.

आता आपल्याकडे वळू. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला तेव्हा परवान्याने शिकार करण्याची सोय त्यात होती, आणि सतराव्या कलमात काय काय करू नये ह्याची यादी होती. चालत्या वाहनातून शिकार नको, विष नको, रानाला आग लावणे नको, पाणवठ्यावर दबा धरणे नको. त्यातच कृत्रिम प्रकाश नको आणि सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत शिकार नको, अशीही कलमे होती. अपवाद एकच: भक्ष्यावर परत येणारे मांसाहारी जनावर, आणि तेही खास परवानगी असेल तर. हा अपवाद का ठेवला हे कळायला रुद्रप्रयागला जावे लागते. तेथल्या बिबळ्याने १९१८ पासून आठ वर्षांत सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसे खाल्ली. जिम कॉर्बेट यांनी त्याला १९२६ च्या मे महिन्यात मारले ते रात्री, आंब्याच्या झाडावर बसून, बंदुकीला बांधलेल्या विजेच्या बत्तीच्या उजेडात. आणि गोळी सुटताच ती बत्ती मालवली. सकाळ होईपर्यंत आपण नेमके काय केले हे त्यांना ठाऊक नव्हते. जे जनावर रात्रीच येते त्याच्यापुढे संधीच्या गोष्टी कोण बोलणार?

१९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच संपली आणि तिच्याबरोबर सतरावे कलमही गेले. जेथे शिकारच नाही तेथे दिव्याची बंदी कशाला, हे तर्कशुद्ध आहे. पण एक दार उघडे राहिले. पिकांची नासाडी करणाऱ्या जनावराला परवानगीने मारता येते. विदर्भातल्या किंवा कोकणातल्या शेतकऱ्याला विचारा. रानडुक्कर दुपारी बारा वाजता कार्यालयीन वेळेत कधी येते काय? ते येते रात्री. माळ्यावर बसलेल्या राखणदाराजवळ डबा असतो, फटाके असतात आणि बॅटरी असते. परवानगीचा कागद मिळाला तरी ती बॅटरी पेटवून बार काढताना पलीकडच्या शेतातल्या माळ्यावर कोण बसले आहे, हा विस्कॉन्सिनचा प्रश्न तेथे जसाच्या तसा उभा आहे. त्या जमातींनी जो आराखडा आणि जे शिक्षण स्वतःवर लादून घेतले, तसे काही आपल्या परवानगीच्या कागदाबरोबर द्यायला हरकत नसावी.

आणि समुद्रावर तर गोष्ट उलटी झाली आहे. आपल्या किनाऱ्यावर मोठमोठ्या यांत्रिक नौका एलईडी दिव्यांचे झुंबर पाण्यावर धरतात. उजेडाला बारीक जीव गोळा होतात, त्यांच्यामागे लहान मासे, त्यांच्यामागे मोठे. आणि मग पर्ससीन जाळे टाकून सगळा मेळा उचलायचा. हरीण उजेडाने खिळते, मासा उजेडाकडे ओढला जातो, परिणाम एकच. येथे दिव्यावर बंदी मागितली ती कोणा हौशी साहेबाने नव्हे, तर होडीतून जाळे टाकणाऱ्या पारंपरिक मच्छीमाराने. केंद्र सरकारने २०१७ च्या नोव्हेंबरात अशा मासेमारीला मनाई केली. महाराष्ट्राने १९८१ च्या आपल्या सागरी मासेमारीच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती करून दंड वाढवले. तरी मालवणच्या, रत्नागिरीच्या आणि गोव्याच्या मच्छीमारांची तक्रार चालूच आहे की, रात्री क्षितिजावर उजेडाची रांग दिसते आणि गस्तीची नौका पोहोचेपर्यंत ती विझलेली असते.

म्हणजे तळ्यावर दिवा गरिबाच्या हातात होता आणि बंदी वरून आली. समुद्रावर दिवा पैसेवाल्याच्या हातात आहे आणि बंदी खालून मागितली गेली. नुसते ‘रात्री दिवा वापरू नये’ एवढे वाक्य वाचून ह्यातले काहीच कळत नाही. दिव्याचे आकारमान किती, तो कोणाच्या हातात, उचललेल्या माशांची मोजदाद धक्क्यावर कोणी करते की नाही, हे कायद्याच्या पोटात असावे लागते.

काल संध्याकाळी मी येथे आलो तेव्हा माझ्या यजमानांचा नातू मला विचारत होता, उद्या तुम्ही कशावर बोलणार? मी त्याला खेकड्यांची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, मग ह्या वर्षी आम्ही बत्ती न्यायची की नाही? मी म्हटले, खुशाल ने. पण पोटाला अंडी असलेली खेकडी हाती लागली तर पाण्यात सोड. त्याने मान हलवली आणि मग विचारले, अंधारात ती ओळखायची कशी? मी म्हटले, बत्ती जरा जवळ धर.